वाढत्या अंगाची शाळा

जून तोंडावर आला की उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये शाळेच्या आधी शाळेचे कपडे भरतात. गजानन मार्केट आणि जपानी बाजार ही आमची जगप्रसिद्ध ठिकाणं. जग म्हणजे निदान मुरबाडपर्यंतचं तरी. लग्नसराई आटोपलेली असते. शालू आणि शेरवान्या मागच्या फळीवर जातात आणि पुढे चौकडीचे शर्ट, निळ्या पँटी, पिनाफोर, टाय आणि रेनकोट लटकू लागतात. शहाडच्या पुलावरून मुरबाड रस्त्याची गावं खाली उतरतात: म्हारळ, वरप, कांबा, रायते, गोवेली. बदलापुराकडून बारवी धरणाच्या अंगाची मंडळी येतात. एका मुलाच्या खरेदीला किमान तीन मोठी माणसं असतात. एक आई, एक आजी आणि एक मामा. आई पसंत करते, आजी नापसंत करते आणि मामा पैसे देतो.

दुकानातला सिंधी शेठ विचारतो, "मावशी, पोरगा कितवीला?"

"पयलीला."

शेठ पहिलीच्या मापाचा शर्ट काढतो. आजी तो हातानेच बाजूला सारते. "वाढत्या अंगाचा दाव." मग तिसरीच्या मापाचा येतो. मुलाला त्यात घालतात आणि मुलगा दिसेनासा होतो. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी बाहेर येतात. पँट घोट्याखाली दोन घड्या घालूनही जमिनीला टेकते.

"बेल्ट लगेगा, मावशी."

"बेल्ट कशाला? करदोडा हाय ना त्याला!"

या तर्कापुढे शेठ हात टेकतो. "ये लो, दोन साल चलेगा," म्हणून पिशवीत भरून देतो. आजीचा हिशेब तीन वर्षांचा असतो, पण ती बोलून दाखवत नाही. पहिल्या वर्षी कपडे मोठे होतात, दुसऱ्या वर्षी मापात बसतात, पण तोवर विटतात. तिसऱ्या वर्षी ते धाकट्याच्या अंगावर चढतात, आणि धाकट्यालाही ते वाढत्या अंगाचेच होतात. थोडक्यात, मापातले नवे कपडे घालून शाळेत गेलेला मुलगा आमच्या पट्ट्यात अजून जन्माला यायचा आहे.

हा व्यवहार पाहता पाहता वाटतं की आपण कपडेच नव्हे, अख्खी शाळा वाढत्या अंगाची घेतो. मुलाच्या आजच्या मापाची शाळा कोणालाच नको असते. तो पुढे कोण होणार त्याच्या मापाची हवी असते. मग मूल आत कुठेतरी हरवतं आणि बाहेरून नुसता टाय दिसत राहतो.

सरकारलाही या कपड्यांचा मोह आवरला नाही. २०२४-२५ साली ‘एक राज्य, एक गणवेश’ अशी योजना आली. गडचिरोलीपासून पालघरपर्यंत सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एकाच रंगाचे कपडे द्यायचे आणि ते शिवायचं काम बचत गटांतल्या महिलांना द्यायचं ठरलं. हेतूत काही खोट नव्हती. पण कित्येक ठिकाणी पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन जुन्याच कपड्यांत झालं, आणि जिथे नवे पोचले तिथे कोणाच्या बाह्या अपुऱ्या तर कोणाची पँट शिक्षकाला व्हावी अशी. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि गणवेशाचं काम पुन्हा शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे आलं. आमच्या मार्केटमधल्या एका शेठने यावर केलेलं भाष्य लक्षात राहण्यासारखं होतं. तो म्हणाला, "पूरे महाराष्ट्र का नाप लिया, पण टेप एकच होता."

मापाबद्दल या गावाला बोलण्याचा अधिकार आहे. हे गावच मुळी दुसऱ्याच्या मापाचं मिळालेलं. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कल्याण ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कुटुंबं सैनिकांच्या त्या रिकाम्या बराकींत आणून बसवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन वसाहतीचं नाव उल्हासनगर पडलं, तरी पत्ता अजूनही कॅम्प, सेक्शन आणि बराक नंबराने सांगितला जातो. सैनिकाच्या मापाच्या बराकीत संसार मावेना. तेव्हा लोकांनी पुढे पडवी काढली, मागे स्वयंपाकघर काढलं, वर माळा चढवला. आज अस्सल बराक शोधायची तर जुनं माणूस बरोबर न्यावं लागतं.

या मंडळींनी डोक्यावर छप्पर आल्याबरोबर दोन गोष्टी सुरू केल्या, दुकान आणि शाळा. सिंधी माध्यमाच्या शाळा निघाल्या आणि बावन्न अक्षरांची उजवीकडून डावीकडे लिहायची लिपी मुलं गिरवू लागली. पुढे कॉलेजंही आली. हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाचं चांदीबाई कॉलेज १९६५ सालचं. आम्ही सगळे त्याला सीएचएम म्हणतो. पूर्ण नाव प्रवेश अर्जावर लिहिण्यापुरतंच आठवतं. आता गंमत अशी की आमच्या शेजारच्या दादांच्या कपाटात त्यांच्या वडिलांच्या चोपड्या आहेत, त्यांत उधारी कोणाची आणि किती ते सगळं नीट लिहिलेलं आहे, आणि घरात ते वाचता येणारं माणूस उरलेलं नाही. नातवंडं इंग्रजी माध्यमात. दादा म्हणतात, "अच्छा है, वसुली को जाना नहीं पडता."

मुरबाड रस्त्याने वर गेलं की हेच नाटक दुसऱ्या भाषेत चालू असतं. रायत्याला उल्हास नदी ओलांडली की दोन्ही बाजूंना भातशेती लागते. त्या भातात, चिखलातून वर आलेला, एक भला मोठा फलक दिसतो: अमुक इंटरनॅशनल स्कूल. पुढे आणखी एक. मग आणखी एक. म्हैस फाटकाशी बसलेली असते आणि आत मुलं राष्ट्रगीताच्या आधी इंग्रजीतून प्रार्थना म्हणत असतात. ‘इंटरनॅशनल’ या शब्दाची व्याप्ती मी एकदा एका पालकाला विचारली. तो म्हणाला, "तिकडे टिटवाळ्याची पण मुलं येतात."

सकाळी सात वाजता पिवळ्या गाड्या गावोगाव फिरतात. जुन्या काळी गावातली मुलं शाळेत जायला निघायची आणि वाटेत चिंचा, बोरं, कैऱ्या, पऱ्ह्यातले खेकडे असे अनेक विषय पुरे करून उशिरा पोचायची. आता दारातून गाडीत, गाडीतून वर्गात. वाटच बंद झाल्याने वाटेवरचे विषयही बंद झाले. गाडी जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरूनच वळण घेते. तिथे गुरुजी फाटकात उभे राहून गाडीतली मुलं मोजतात, कारण ती पटावर यायला हवी होती. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला. पुण्याजवळचं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ अशी उदाहरणं दिली गेली. तेव्हापासून कमी पटाच्या शाळेतल्या गुरुजींना गावात बाळंतपण झाल्याची बातमी कळली की घरच्यांच्या आधी आनंद होतो.

त्या गाडीतल्या एका मुलाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुलगा दुसरीत. शाळेने प्रोजेक्ट दिला, ‘माय व्हिलेज’. गाव करून आणायचं. आई त्याला घेऊन गावातून निघाली, दोन रिक्षा बदलल्या आणि कॅम्प दोनमधल्या स्टेशनरीच्या दुकानात गाव विकत घ्यायला आली. मी तिथे वहीला कव्हर घेत होतो.

दुकानदाराने सराईतपणे पुठ्ठ्याचं खोकं काउंटरवर ठेवलं. "भाभी, बेस में हिरवळ आणि नदी येते. कौलारू घर दोन. विहीर वेगळी घ्यावी लागेल, बैलगाडी वेगळी. झाडं डझनावर."

मुलाने बैलगाडी उचलून पाहिली. "हे काय आहे?"

"बैलगाडी," आई म्हणाली.

"आपल्याकडे कुठंय?"

आई विचारात पडली. खरंच नव्हती. बैल विकले त्याला बरीच वर्षं झाली होती. विहिरीत गावाने कचरा टाकला होता आणि कौलारू घर तिच्या सासऱ्यांनी पाडून दोन मजली आरसीसी बांधलं होतं. तिने दुकानदाराला विचारलं, "जेसीबी आहे का?"

"जेसीबी खेळण्यांत मिळेल, भाभी. गाव में नहीं आता."

शेवटी तिने बैलगाडीच घेतली. टीचरने सांगितलं होतं की गाव गावासारखं दिसलं पाहिजे. जाताना मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "आमच्या गावात मोबाईलचा टॉवर पण आहे." मी त्याला हळूच एक काडी दिली, नदीकाठी खोवायला. प्रोजेक्टला किती मार्क मिळाले कळलं नाही. पण त्या रात्री मला वाटलं, खरं गाव पुढे निघून गेलं आहे आणि पुठ्ठ्याचं गाव मात्र आमच्या कॅम्प दोनमध्ये टिकून आहे, डझनावर.

शाळा बदलत नाही असं कोणी म्हणू नये. ती दर जूनला बदलते. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. गावाने त्याला ताबडतोब ‘ढकलपास’ म्हटलं. मग कोणाला तरी ढकलून ढकलून दमल्यासारखं झालं आणि पाचवी-आठवीला परीक्षा परत आली. २०२३ साली पाठ्यपुस्तकांची चार भागांत विभागणी झाली आणि धड्यांमागे वहीची कोरी पानं जोडली गेली, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. मुलांनी त्या पानांवर फुल्ली-गोळा खेळून घेतला. २०२५ मध्ये ती पानंही गेली. मुलांना कोरी पानं हाच पुस्तकातला सर्वांत समजणारा भाग वाटत होता, पण त्यांना कोण विचारतो?

मग ‘आनंददायी शनिवार’ आला. त्या दिवशी दप्तर नाही, खेळ, गाणी आणि छंद. कल्पना चांगली. माझ्या भाच्याने मात्र लगेच विचारलं, "मग बाकीचे पाच दिवस कसले?" त्याला मी उत्तर देऊ शकलो नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरावेत. मुलांची झोप पुरी होत नाही ही काळजी त्याआधी राज्यपाल रमेश बैस यांनी बोलून दाखवली होती. माझी आत्या मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीत राहते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "उशिरा उठायचा कायदा झाला. लौकर निजायचा कदी होनार?"

आणि सर्वांत मोठा गहजब झाला तो २०१९ च्या जूनमध्ये. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेपन्न हे ‘पन्नास तीन’ असंही वाचावं असं सुचवलं होतं. विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की मराठीत एकक आधी बोलतात आणि दशक नंतर, लिहिताना मात्र उलटं, त्यामुळे लहान मुलं पस्तीसचे त्रेपन्न करून ठेवतात; दाक्षिणात्य भाषांत तसं होत नाही, आणि जुनी पद्धतही आम्ही काढलेली नाही. पण ऐकतो कोण? महाराष्ट्र पेटून उठला. मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वर विधानसभेत कोटी झाली. ज्यांना स्वतःला एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत रोज गफलत होते, त्यांनी परंपरेच्या रक्षणार्थ तावातावाने लेख लिहिले.

मी आत्याला विचारलं. तिने ही बातमी ऐकलीच नव्हती. ती त्या वेळी अंगणात नारळ मोजत होती. "तीन ईस आन् पाच," ती म्हणाली. म्हणजे पासष्ट. विसाविसाने मोजायचं आणि वर उरलेले सुटे सांगायचे, मोठं आधी, लहान नंतर. समितीला जे करायला इतका व्याप पडला ते वाडीतल्या बायका पिढ्यान् पिढ्या करत होत्या. फक्त त्यांना कोणी समितीवर घेतलं नव्हतं.

भाषांचंही तसंच. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी असा शासन निर्णय निघाला, १७ जूनला त्यात दुरुस्ती झाली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. अडीच महिने राज्यभर चर्चा झाली की सहा वर्षांच्या मुलाला तीन भाषा झेपतील का. चर्चा वाजवी होती. शाळेची भाषा हा घराघरातला प्रश्न आहे. पण कॅम्प दोनमधलं सहा वर्षांचं पोर आईशी मराठीत भांडतं, शेजारच्या दादीकडून सिंधीत पापड मागून घेतं, रिक्षावाल्याला हिंदीत पत्ता सांगतं आणि टीचरसमोर इंग्रजीत गप्प बसतं. चौथ्या भाषेसाठीच फी भरावी लागते.

इतका सगळा खटाटोप करूनही एक गोष्ट बदललेली मी पाहिली नाही. पंधरा जूनच्या सकाळी रडणारं मूल तेव्हाही होतं आणि आताही आहे. ज्यांचं शाळेचं वय असतं त्यांना हौस नसते, आणि ज्यांना हौस असते त्यांचं वय निघून गेलेलं असतं. निसर्गाने ही अडचण का करून ठेवली कळत नाही. पण मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाने तिच्यावर उपाय काढला. तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत योगेंद्र बांगर नावाचे शिक्षक होते. गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी त्यांच्याजवळ बोलून दाखवलं की आम्हालाही पोथी वाचता आली असती तर बरं झालं असतं. दुसरा कोणी असता तर "हो ना" म्हणून पुढे गेला असता. बांगर गुरुजींनी ८ मार्च २०१६ ला, महिला दिनाचा मुहूर्त साधून, आजीबाईंची शाळाच सुरू केली. मोतीराम गणपत दलाल न्यासाने पाट्या, दप्तरं आणि गणवेश दिला. गणवेश काय, तर गुलाबी नऊवारी.

साठ ते नव्वदच्या दरम्यानच्या आज्या. दुपारी दोन ते चार शाळा, म्हणजे घरची भांडी घासून झाल्यावर आणि दिवेलागणीच्या आत. शिकवायला गावातलीच एक दहावी झालेली सून. तिच्या वर्गात तिची सासूही विद्यार्थिनी. या एकाच गोष्टीवर महाराष्ट्रातल्या तमाम सुनांनी त्या गावाला पेढे पाठवायला हवे होते. सासूला "मोठ्यानं म्हणा, ऐकू येत नाही" असं रीतसर सांगण्याचा अधिकार कुठल्याही कायद्याने आजवर सुनेला दिला नव्हता; तो बाराखडीने दिला. नातवंडं सकाळी शाळेत जात, आज्या दुपारी. संध्याकाळी ओटीवर दोन पिढ्या एकच पाटी घेऊन बसत, आणि "तुझा ळ चुकला" असं नातू आजीला सांगत असे. अंगठा उठवणाऱ्या हातांनी सही केली. प्रत्येकीने शाळेजवळ एकेक झाड लावलं आणि जगवलं. देशोदेशीचे कॅमेरे येऊन गेले. आज्यांनी त्यांच्यासमोर न लाजता कविता म्हणून दाखवल्या, कारण पाठ झालेली गोष्ट कोणीतरी विचारावी हीच तर विद्यार्थ्याची इच्छा असते.

मला विचाराल तर त्या शाळेचं रहस्य मापात आहे. आज्यांच्या अंगाला आता काही वाढायचं उरलेलं नव्हतं. त्यांना डॉक्टर व्हायचं नव्हतं, परदेशी जायचं नव्हतं, शेजारणीच्या नातवापेक्षा दोन मार्क जास्त आणायचे नव्हते. पोथीतली ओळ वाचायची होती आणि पेन्शनच्या कागदावर सही करायची होती. शाळा नेमकी तेवढीच घेतली, आणि ती अंगाला चोख बसली.

आत्याच्या वाडीत अशी शाळा नव्हती. पण सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम तिथे पोचला. त्याचं नाव ‘उल्लास’. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना शिकवायचं, शिकवणारे स्वयंसेवक, आठवीचा किंवा त्यापुढचा विद्यार्थीही चालतो. आत्याच्या वाट्याला तिचा नववीतला नातू आला. त्याने पहिल्या दिवशी तिला "लक्ष कुठंय?" असं विचारलं आणि आपल्यावरच्या सर्व मास्तरांचा सूड एका वाक्यात घेतला. १७ मार्च २०२४ च्या रविवारी परीक्षा होती. दीडशे गुण: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास. सकाळी दहा ते पाच या वेळात सोयीने यावं आणि पेपर लिहावा. मी मुद्दाम गेलो होतो, तिला धीर द्यायला.

धीराची गरज गुरुजींना होती. जिल्हा परिषदेच्या वर्गात सतरंजीवर दहाबारा बायका बसलेल्या. कोणी नातीला मांडीवर घेऊन, कोणी डबा घेऊन, एकीच्या पिशवीत कोंबडी, कारण परीक्षा झाल्यावर तिला तशीच लेकीकडे जायचं होतं. गुरुजींनी पेपर वाटले आणि सांगितलं, "एकमेकींचं बघायचं नाही." बायकांना सूचना कळली नाही. जन्मभर त्या एकमेकींचं बघूनच सगळं शिकल्या होत्या: पापड, गोधडी, लावणीचा हात, सासूशी कसं वागायचं ते. आत्याने शेजारणीचा कागद ओढून पाहिला आणि म्हणाली, "अगं, ह्यो ‘घर’ न्हाय, ‘घार’ लिवलंस. काना काढ." शेजारणीने काना काढला.

"आत्याबाई, ही कॉपी झाली," गुरुजी म्हणाले.

"तिला येत न्हवतं, मी सांगितलं. ह्यात वाईट काय झालं?"

गुरुजींनी विचार केला. तरुण माणूस होता, शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेला. ‘सहकार्यातून अध्ययन’ या विषयावर त्याने याच महिन्यात एक ऑनलाइन प्रशिक्षण पुरं केलं होतं आणि त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलं होतं. तो प्रमाणपत्राकडे पाहून गप्प बसला. कोंबडीने मध्येच काहीतरी मत दिलं. लेखनाच्या प्रश्नात ‘तुमच्या कुटुंबाविषयी लिहा’ अशा धर्तीचं काहीतरी आलं, तर एकीने पेन खाली ठेवून तोंडीच सुरुवात केली आणि थोरल्या जावेपर्यंत येईतो डोळे पुसले. तिला सांगावं लागलं की हे सगळं लिहायचं असतं. "एवढं लिवलं तर घरात भांडनं होतील," ती म्हणाली आणि मुलांची नावं तेवढी लिहून पेपर दिला. मराठीतल्या बऱ्याच आत्मचरित्रकारांना हा विवेक लाभलेला नाही.

आत्या उत्तीर्ण झाली. प्रमाणपत्र आलं ते नातवाने चौकटीत बसवलं आणि देवघरावर टांगलं. मला वाटलं, झालं, हौस फिटली. पण खरा अनर्थ तिथून पुढे सुरू झाला. वाचता येणारं माणूस घरात वाढलं की निदान दोघांची पंचाईत होते. पहिली पंचाईत झाली किराणावाल्याची. आत्या बिस्किटाच्या पुड्यावरची किंमत बोट ठेवून, मोठ्याने, गिऱ्हाइकांसमोर वाचू लागली. दुसरी नातवाची, कारण शाळेच्या डायरीत ‘गृहपाठ अपूर्ण’ असा शेरा येई आणि आजवर तो आजीला "शाबास" असा वाचून दाखवला जात होता.

तिसरी पंचाईत व्हायची होती ती गुरुजींची. एका मंगळवारी आत्या धाकट्या नातीला आणायला शाळेत गेली. व्हरांड्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने पोषण आहाराचं वेळापत्रक रंगवलेलं होतं. बरीच वर्षं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी ते पाहिलेलं होतं, साहेबांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढलेले होते. आत्याने ते पहिल्यांदा वाचलं. सोमवारपासून एकेक वार बोटाने पुरा करत ती मंगळवारावर आली आणि थांबली. मग तिने ताटात पाहिलं. मग परत भिंतीकडे पाहिलं.

"गुर्जी, हितं ‘मोड आलेल्या मटकीची उसळ’ लिवलीया."

"हो, आत्याबाई."

"ताटात नुस्ती खिचडी हाय."

गुरुजींनी सांगितलं की मटकीचा पुरवठा वरूनच आला नाही. आल्यावर करू. आत्याने विचारलं, वरून म्हणजे कुठून? गुरुजी म्हणाले, तालुक्यावरून. तालुक्याला कुठून? जिल्ह्यावरून. १९९५ साली ही योजना आली तेव्हा ऐंशी टक्के हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. भातशेतीच्या वाडीत तांदूळच वाटले म्हणून तेव्हाही आत्या हसली होती. पण तेव्हा भिंतीवर काही लिहिलेलं नव्हतं आणि तिला वाचताही येत नव्हतं. आता दोन्ही गोष्टी झाल्या होत्या. ती फाटकात बसून राहिली. तिच्याशेजारी परीक्षेतली शेजारीण येऊन बसली आणि तीही भिंत वाचू लागली. बुधवारपर्यंत ती पोचायच्या आत गुरुजींनी तालुक्याला फोन लावला.

त्यांना राग आला असेल असं मला वाटलं होतं. पण ते मला नंतर म्हणाले, "इतकी वर्षं शिकवतोय. वाचून दाखवणारी मुलं पुष्कळ मिळाली. वाचून विचारणारी विद्यार्थिनी ही पहिली." तरीही स्वतःची बाजू मांडावी म्हणून त्यांनी तिच्या हातात पोषण आहाराचा अख्खा शासन निर्णय दिला. चांगली जाडजूड पानं होती. आत्या ओट्यावर बसली, चष्मा लावला आणि पहिल्याच ओळीतल्या ‘उपरोक्त संदर्भाधीन’वर पोचली. बराच वेळ ती त्या दोन शब्दांशी झटत होती. मग तिने कागद घडी करून परत दिला.

"ही जोडाक्षरं पुढच्या इयत्तेला," ती म्हणाली. "तंवर मटकी भिजत घाला."